एमआरआयच्या आधी पाय उचला

कंबरदुखीचा रुग्ण दारातून आत येतो, तिथूनच त्याची तपासणी सुरू होते. तो एका बाजूला झुकून चालतो का, खुर्चीतून उठताना हातांवर भार देतो का, हे डॉक्टर आधी पाहतात. मग त्याला टाचांवर आणि चवड्यांवर चालवतात. टाचांवर चालताना पाऊल खाली पडत असेल, पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी असेल, तर संशय कंबरेतून पायात जाणाऱ्या एल-५ नसेवर जातो. चवड्यावर भार पेलत नसेल आणि टाचेच्या वर मागे हातोडी मारूनही पाऊल हलत नसेल, तर एस-१ वर.

यानंतर सगळ्यांत महत्त्वाची कसोटी. रुग्णाला उताणे झोपवून त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलायचा. पाय उचलला की सायटिकाची नस ताणली जाते. मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीने तिचे मूळ आधीच दाबले असेल, तर साधारण ३० ते ७० अंशांदरम्यान कळ गुडघ्याच्या खाली उतरते. नुसती मांडीची मागची बाजू ओढली गेली, तर तो स्नायूंचा ताठरपणा. दुखरा नव्हे, तर दुसरा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर गादी सरकल्याचा संशय अधिक पक्का होतो.

जगभर ही चाचणी फ्रेंच वैद्य शार्ल लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे वर्णन मात्र १८८१ मध्ये त्यांचा विद्यार्थी फॉर्स्ट याने प्रबंधात केले. त्याच्या एक वर्ष आधी बेलग्रेडच्या लाझा लाझारेविच यांनी ती सर्बियन भाषेत मांडली होती. हे डॉक्टर सर्बियाचे नामवंत कथाकारही होते.

एमआरआय असताना हा खटाटोप कशाला?

१९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा होता! म्हणजे चित्रात दिसणारी गादीच दुखण्याचे कारण आहे, हे चित्र एकटे सांगू शकत नाही. कळ, अशक्तपणा आणि बधिरपणा त्याच नसेशी जुळतात का, हे अंगाला हात लावूनच कळते.

म्हणून अहवालाची फाइल पुढे करण्याआधी डॉक्टरांना तपासायला सांगा. आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर वाट पाहू नका; त्याच क्षणी रुग्णालय गाठा.