काच खाली जाते, वर येत नाही? आधी स्विच बघा

परवा अंबरनाथ एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर वॉचमनला पास दाखवायला डावीकडची काच खाली केली, ती वर येईचना. बाहेर धो-धो पाऊस! गॅरेजवाल्याने दार न उघडताच 'मोटर गेली' म्हणून सांगितलं. अहो, मोटर गेली असती तर काच खाली कशी आली? मोटर तीच, स्विच फक्त १२ व्होल्टची दिशा उलटी करतो. एकाच बाजूला चालते म्हणजे पहिला संशय स्विचवर. (चारही काचा चालत नसतील तर आधी फ्यूज.)

ड्रायव्हरकडच्या बटणानेही काच हलेना. बऱ्याच साध्या गाड्यांत त्या बटणाचा करंट त्या-त्या दाराच्या स्विचमधूनच पुढे जातो, म्हणजे संशय स्विचवरच. मग मागच्या दाराचा तसाच स्विच काढून लावला. काच सुर्रकन वर!

स्विचचं पॅनल प्लास्टिकच्या पट्टीनेच उचकटा, स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतात. कपलर लॉक दाबून ओढा, वायर धरून नाही. जुना स्विच खोलला तर आतले पॉइंट काळे ठिक्कर. कॉन्टॅक्ट क्लीनरवर चार दिवस निघाले, मग पुन्हा तेच. शेवटी नवीन बसवला, दहा मिनिटांचं काम.

दुकानात जाताना जुना स्विच सोबत न्या आणि पिना जुळवूनच घ्या.