घरच्या घरी फळांचं गारेगार: पाणी कसं घ्यायचं, साखर किती, अन् फ्रीज नसेल तर काय?

एप्रिल लागला की सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. सांगोला असो, करमाळा असो की मंगळवेढा, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशात गल्लीतून "गारेगाऽऽर" अशी हाळी आली की पोरं घरातून पळत सुटतात. पूर्वी पैसे नसले तर ओंजळभर ज्वारी नाहीतर भंगार देऊन गारेगार मिळायचं. आता दुकानादुकानांत रंगीत पेप्सीच्या कांड्या मिळतात. पण ते पाणी कुठलं, बर्फ कुठला, याची खात्री कोण देणार? म्हणून बऱ्याच घरांत आता आयाच कलिंगडाचं, आंब्याचं गारेगार करू लागल्या आहेत.

चांगली गोष्ट आहे. फक्त "घरचं आहे म्हणजे चांगलंच" असं धरून चालू नका. त्याचं कारण आधी समजून घेऊ.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत

बर्फ झाला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. थंडीत जंतूंची वाढ थांबते, पण त्यातले बरेच जिवंत राहतात. कावीळ, टायफॉइड, जुलाब यांचे जंतू पाण्यात असतील तर गारेगार तोंडात विरघळताच ते पोटात जातात. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, टँकरचं पाणी येतं, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. विहिरीत टीसीएल टाकलेलं असलं, तरी घरात साठवलेल्या पाण्याची खात्री देता येत नाही.

त्यामुळे एक नियम पक्का करा: जी काही स्वच्छता करायची, ती गोठवण्याआधी.

- पाणी खळखळून उकळी येईपर्यंत तापवा, नंतर किमान एक मिनिट उकळू द्या आणि झाकून गार करा.
- कलिंगड, खरबूज कापण्याआधी बाहेरून धुवा. सालीवरची घाण सुरीबरोबर आत गरात जाते.
- बाजारात कापून ठेवलेली फोड आणू नका, अख्खं फळ आणा.
- मिक्सरचं भांडं, गाळणी, साचे आणि काड्या उकळत्या पाण्यातून काढा. प्लास्टिकचे साचे साबणाने धुऊन उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळा.

कलिंगडाचं गारेगार दगड का होतं?

अनेकींची तक्रार असते की घरचं गारेगार दाताने तुटत नाही आणि चोखलं की नुसता पांढरा बर्फ उरतो. याचं कारण साखरेचं प्रमाण. नुसतं पाणी कडक गोठतं. साखर विरघळलेलं पाणी सगळंच्या सगळं गोठत नाही, थोडा पाक बर्फाच्या कणांमध्ये तसाच राहतो, त्यामुळे गारेगार मऊ लागतं. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून ते दगड होतं. आंब्यात साखरही जास्त अन् गरही दाट, म्हणून ते छान जमतं.

साधा हिशेब असा: फळाची आणि वरून घातलेली साखर मिळून एक किलो मिश्रणात साधारण दीडशे ग्रॅम भरली पाहिजे. फार जास्त घातली तर ते गोठणारच नाही. थंड पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, त्यामुळे गोठवण्याआधी मिश्रण चवीला थोडं जास्तच गोड वाटलं पाहिजे.

प्रमाण

*कलिंगड:* बिया काढलेला गर १ किलो, साखर १०० ग्रॅम, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. वरून पाणी घालू नका. साखर अर्धी वाटी पाण्यात उकळून पाक गार करा. गर मिक्सरला फिरवून गाळा आणि सगळं एकत्र करा.

*आंबा:* गर अर्धा किलो, उकळून गार केलेलं पाणी ३०० मिली, साखर ८० ग्रॅम. आंबा फार गोड असेल तर साखर थोडी कमी करा.

*डाळिंब:* रस अर्धा लिटर, साखर ३० ते ४० ग्रॅम. दाणे मिक्सरला एक-दोनदाच फिरवा. बिया बारीक झाल्या तर रस तुरट होतो.

*केळी:* पिकलेल्या केळ्यांच्या चकत्या गोठवा आणि तशाच मिक्सरला फिरवा. साखर, दूध काही न घालता आइस्क्रीमसारखं मऊ होतं.

एक लक्षात ठेवा, कच्चा अननस किंवा पपई दुधात घालू नका. त्यातल्या घटकांमुळे दूध फाटतं, कडू होतं. ही फळं पाण्याबरोबरच वापरा.

साचा नसला तरी अडत नाही. स्टीलचे छोटे पेले, वाट्या चालतात. वर बोटभर जागा सोडा, कारण गोठताना पाणी फुगतं. तास-दीड तासाने अर्धवट गोठलं की काडी खोचा, म्हणजे ती सरळ उभी राहते. पूर्ण गोठायला सहा ते आठ तास लागतात. काढताना पेला बाहेरून साध्या पाण्यात क्षणभर बुडवा, गारेगार सुटून येतं.

फ्रीज नाही? बर्फ अन् खडेमीठ घ्या

मटका कुल्फीवाले वर्षानुवर्षे हेच करतात. तीन वाट्या फोडलेल्या बर्फाला एक वाटी खडेमीठ, असा थर बादलीत द्या. मिठामुळे बर्फ वितळू लागतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि बादलीतलं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. घट्ट झाकणाचे अरुंद डबे त्यात पुरून वर पोतं टाका, अधूनमधून हलवा. डबे लहान असतील तर तासा-दीड तासात गोठतं. हा बर्फ उघड्या हाताने फार वेळ धरू नका, कातडी भाजल्यासारखी होते.

फॅक्टरीचा लादीचा बर्फ फक्त बाहेरून गारवा द्यायला वापरा, खाण्यात घालू नका. राज्यात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग टाकण्याचा नियम आहे. पण निळा दिसला नाही म्हणून तो खाण्याचाच आहे, असं धरू नका. डबा उघडण्याआधी बाहेरून उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन पुसा.

लाइट गेली तर?

फ्रीजचं दार उघडू नका. भरलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ गार राहतो. दुधाचं गारेगार वितळून कोमट झालं असेल तर पुन्हा गोठवू नका, सरळ टाकून द्या. फळांचं थंडगार असेल तर सरबत म्हणून लगेच पिऊन टाका. पुन्हा गोठवलं तर बर्फाचे मोठे खडे होतात आणि चव जाते.

आणि शेवटचं. गारेगार हा खाऊ आहे, औषध नव्हे. जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएसच द्या. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, बेशुद्ध पडला, तर त्याला काही खायला-प्यायला देऊ नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा आणि लगेच १०८ला फोन करा.

सध्या भाव पडला की कलिंगडं बांधावर पडून राहतात. त्यातली दोन घरी आणा, पाणी उकळा आणि रात्रीच साचे भरून ठेवा. दुपारी गल्लीत हाळी आली, तर पोरांना सांगायला आपल्या घरातलं गारेगार तयार असेल.