गाइडबुक घेताना आधी साल पाहा

थायलंडच्या गाइडबुकच्या मुखपृष्ठावरचे फुकेतचे निळे पाणी नंतर. आधी आतले पान उलटून आवृत्तीचे साल शोधावे. पुनर्मुद्रणाचे नव्हे! पुनर्मुद्रणात मजकूर बहुधा जुनाच राहतो.

डिसेंबर २०२४ मध्ये सुरतेहून बँकॉकला थेट विमान सुरू झाले. त्याआधी जुलैत थायलंडने भारतीयांना ६० दिवसांपर्यंत बिनव्हिसा प्रवेश दिला होता; मे २०२५ पासून आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरणे सक्तीचे झाले. २०२३ चे पुस्तक यातले काहीच सांगणार नाही. म्हणून व्हिसाचे नियम दूतावासाकडूनच घ्यावेत.

पुस्तकाची खरी परीक्षा जेवणाच्या प्रकरणात होते. ‘शाकाहारी पदार्थ मिळतात’ एवढ्यावर भागवले असेल, तर ते परत ठेवावे. चांगले पुस्तक ‘जे’ हा थाई शब्द देते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो दिसला, की मांस, मासळीचा सॉस, अंडे, दूध वर्ज्य, कांदा-लसूणही नाही. सुरतेतल्या जैन कुटुंबांना याचे मोल वेगळे सांगायला नको. बटाटा मात्र त्यात चालतो, म्हणून तो आहे का, हे विचारून घ्यावे.

प्रवासाचे पुस्तक सुरतेला नवे नाही. सुरतेत जन्मलेले महीपतराम रूपराम नीलकंठ १८६० मध्ये इंग्लंडला गेले. परतल्यावर जातीने बहिष्कार घातला, तरी १८६४ मध्ये त्यांनी त्या प्रवासाचे वर्णन गुजरातीत छापले.