सिग्नल पाळणारं शहर

टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली की टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावायला लागत आणि कर्कश किरकिर सुरू होई. चार-पाच मिनिटांनी ती थांबली की पडद्यावर मोटारीचं स्टिअरिंग दिसे. तेही उजव्या बाजूला, आपल्याकडे असतं तसं. 1986 साली आलेला 'टर्बो एस्प्रिट' हा संगणकावरचा खेळ इंग्लंडमधल्या टाँटनच्या ड्युरेल सॉफ्टवेअरने काढला आणि माइक रिचर्डसन यांनी लिहिला.

कथानक दोन ओळींचं आहे. अमली पदार्थांची ने-आण करणाऱ्या टोळीच्या गाड्या शहरात फिरत असतात. आपण लोटस एस्प्रिट ही स्पोर्ट्स कार पळवत त्यांना गाठायचं.

ज्या झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकावर हा खेळ चाले, त्याचं मराठी मुलखाशी नातं आहे. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन हाच संगणक 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने भारतात आणला. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा आणि घरातला टेपरेकॉर्डर हीच त्याची तिजोरी. आपल्याकडच्या काही मुलांनी संगणक पहिल्यांदा हाताळला तो असा, आणि ही हकिगत आपल्या संगणकाच्या इतिहासात ठसठशीत यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

या यंत्राची स्मृती 48 किलोबाइट, म्हणजे 49,152 बाइट. त्यातले 6,912 पडद्यावरच्या चित्रासाठीच राखलेले. उरलेल्या 42 हजारांत खेळ बसवायचा. एवढ्या जागेत रस्त्यांची चित्रं साठवून ठेवणं शक्यच नाही. नकाशा तेवढा जपायचा आणि समोरचा रस्ता क्षणोक्षणी नव्याने काढायचा, हाच मार्ग उरतो.

तरीही रिचर्डसन यांनी एक नाही, चार शहरं उभी केली. त्यांत एकेरी रस्ते आहेत, पेट्रोल पंप आहेत, दुरुस्तीसाठी खणलेले रस्ते आहेत, रस्ता ओलांडणारी माणसं आहेत. इतर गाड्या लाल दिव्याला थांबतात, वळण्याआधी इंडिकेटर देतात. त्या काळच्या शर्यतीच्या बहुतेक खेळांत बाकीच्या गाड्या म्हणजे नुसते अडथळे असत. इथे मात्र आपण असलो-नसलो तरी शहराचा व्यवहार चालू राहतो, आणि भरधाव जाताना त्या व्यवहाराचं भान ठेवावं लागतं. माझ्या मते या खेळाचं मोठेपण वेगापेक्षा यात आहे. 1997 च्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो'ने मोकळं शहर जगभर पोहोचवलं, पण तिथली मौज नियम मोडण्यात होती.

भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडून कारधा गावी येताना 'टर्बो एस्प्रिट' मला हटकून आठवतो. नदीवर महामार्गाचा मोठा पूल आहे आणि ब्रिटिश काळातला जुना, ठेंगणा पूलही. इथे नदीची धोक्याची पातळी 245.50 मीटर. पुराचं पाणी चढलं की जुना पूल बंद होतो आणि सगळी वाहतूक मोठ्या पुलाकडे वळते. जुन्या पुलाने जाणाऱ्या सगळ्यांनाच मग वाट बदलावी लागते. रिचर्डसन यांच्या पद्धतीने कारधा बसवायचं तर नदी, दोन पूल, महामार्ग आणि गावातले फाटे एवढाच नकाशा पुरेल. पाण्याची पातळी हा एक आकडा ठेवायचा. तो वाढला की एक रस्ता मिटतो आणि प्रत्येक गाडी आपली आपण दुसरीकडे वळते. 42 हजार बाइटांत हे सगळं मावून वर जागा उरेल.