चित्रासमोर शिक्षकाचा अभ्यास

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिक्षण विभागाचे प्रमुख फिलिप येनावाइन यांना एक गोष्ट मान्य करावी लागली. चित्रांवरची व्याख्याने लोकांना आवडत होती, पण त्यांतले फारच थोडे लक्षात राहत होते. नवखा प्रेक्षक चित्रात आधी गोष्ट शोधतो, हे अ‍ॅबिगेल हाउसन यांच्या संशोधनातून दिसले होते. या दोघांच्या कामातून ‘व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज’ ही पद्धत आकाराला आली. तिचे प्रश्न तीनच: चित्रात काय चालले आहे? तुला असे कशावरून वाटते? आणखी काय सापडते? हे प्रश्न एका दिवसात पाठ होतात. पण या पद्धतीच्या तेव्हापासूनच्या वाटचालीचा मागोवा घेताना जाणवते की, खरा अभ्यास शिक्षकालाच करावा लागला, आणि तो ऐकण्याचा होता. विन्स्लो होमर यांचे ‘स्नॅप द व्हिप’ हे १८७२ चे चित्र घ्या. एखादे मूल म्हणेल, “मुले भांडताहेत.” सवयीने ओठांवर येणारे “नाही, तो खेळ आहे” शिक्षकाने गिळायचे आणि कशावरून, ते विचारायचे. मूल डावीकडे पडलेली दोन मुले दाखवते. शिक्षक तिथे बोट ठेवून तेच म्हणणे नेमक्या शब्दांत पुन्हा मांडतो. दुसरे मूल म्हणते, “बाकीच्यांनी हात घट्ट धरलेत, म्हणजे खेळच असणार.” शिक्षक दोन्ही मते जोडून देतो. चूक वर्गानेच, चित्रातल्या पुराव्याने, दुरुस्त केलेली असते.

यावर दोन आक्षेप आहेत, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, यात कोणतेही उत्तर चालते. पण ‘कशावरून?’ हा दुसरा प्रश्न नीट विचारला, तर ज्याला चित्रात आधार नाही ते मत टिकत नाही. ‘छान’ आणि ‘बरोबर’ यांवर चालणाऱ्या वर्गात मात्र मुले चित्राऐवजी शिक्षकाचा चेहरा वाचतात. दुसरा आक्षेप कलाशिक्षणाच्या अभ्यासक डॅनिएल राइस यांनी येनावाइन यांच्याशी झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादात मांडला: जाणकाराने माहिती का रोखून धरावी? यात तथ्य आहे. चित्राचा काळ आणि संदर्भ नुसते पाहून कळत नाहीत. पण माहिती कधी द्यायची, हेही शिक्षकाने शिकायचेच असते. प्रश्न मनात उभा राहण्याआधी दिलेले उत्तर रुजत नाही. मिनेसोटातील बायरन येथे १९९० च्या दशकात या पद्धतीवर झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, पुराव्यानिशी बोलण्याची मुलांची सवय कलेबाहेरही पोहोचलेली दिसली. हा अभ्यास खुद्द हाउसन यांचा होता, म्हणून तो सावधपणे वाचावा. तरी शिक्षकासाठी धडा स्पष्ट आहे: आपले ज्ञान टाकायचे नाही, मूल ते मागेपर्यंत धीर धरायचा.