अंकाचा चेहरा कां होतो?

गणिताच्या उदाहरणांत शिक्षकानें (5 + 8) असें लिहावें, आणि तें संगणकाच्या पडद्यावर येतांच 8 व कंस नाहींसे होऊन त्यांच्या जागीं काळा चष्मा घातलेला हंसरा चेहरा बसावा, ही गोष्ट थट्टेची वाटेल. पण वर्डप्रेस नांवाच्या लेख प्रसिद्ध करण्याच्या यंत्रणेंत ती एके काळीं खरोखर घडत असे. (स्तोत्र 8) असा पवित्र शास्त्रांतील संदर्भ दिला तरी तीच गत. मूळ अंक कोणता, हें वाचणाऱ्या मुलानें ओळखावें कसें?

ह्याचें मूळ 1982 सालीं सांपडतें. त्या वर्षीं सप्टेंबरच्या 19 तारखेस अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत स्कॉट फालमन ह्या संगणकशास्त्रज्ञानें, विनोद हा विनोद म्हणून ओळखूं यावा ह्यासाठीं, :-) हें चिन्ह सुचविलें. मान डावीकडे कलती केली म्हणजे त्यांत चेहरा दिसतो. पुढें यंत्रणांनीं अशा चिन्हांच्या याद्या करून, तीं आढळतांच तेथें चित्र मांडण्याचा नियम घातला. परंतु यंत्रास अर्थ कळत नाहीं. आगेंमागें मोकळी जागा असलेलीं ठराविक अक्षरें तेवढीं त्यास दिसतात. हिशेबांतला आठ आणि चष्म्याचा आठ त्यास सारखेच! निर्मात्यांनीं 8) हें रूप, साध्या मजकुराची वारंवार मोडतोड होते म्हणून, यादींतून गाळलें, :) आणि 8-) मात्र राहिलीं आहेत.

सुदैवानें मूळ लेख बिघडत नाहीं. सांठविलेल्या मजकुरांत लेखकाचीं अक्षरें जशींच्या तशीं असतात. चित्र केवळ दाखवितांना चढविलें जातें. म्हणून नियम बंद करतांच जुने लेखही पूर्ववत् दिसतात.

जुन्या स्थळांत सेटिंग्जपैकीं रायटिंग ह्या पानावर ह्याची चौकट असते. तींतील खूण काढली कीं झालें. 2015 सालच्या 4.3 ह्या आवृत्तीपासून नव्यानें उभारलेल्या स्थळांत मात्र ती दाखवीत नाहींत. दार ठेवून कडी लपवावी, तसेंच हें आम्हांस वाटतें. कडी आहे खरी. व्यवस्थापकानें स्थळाच्या पत्त्यापुढें रोमन लिपींत डब्ल्यूपी-ॲडमिन, तिरकी रेघ व ऑप्शन्स डॉट पीएचपी असें लिहिलें असतां सर्व नोंदींचें पान उघडतें. तेथें 'यूज स्मायलीज' ह्या नोंदीपुढील 1 चा 0 करून तो जतन करावा. एकाच उताऱ्यापुरतें हवें असल्यास तो उतारा कोड अथवा प्रीफॉर्मॅटेड ह्या प्रकारांत घालावा. तेथें हा नियम चालत नाहीं.

लेखकानें स्वतः निवडून घातलेलीं इमोजी चित्रें निराळीं. तीं ह्या शून्यानें जात नाहींत, व जाऊंही नयेत.