कावा एकाचा, किंमत दुसऱ्याची

कोणी आपल्याला बेमालूम चकवले की आपण म्हणतो, त्याने कात्रजचा घाट दाखवला. बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगली फौजेला भलत्याच वाटेला लावल्याची ती गोष्ट मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. बैल आणि आग यांची जोडी चीनमध्येही आहे. इ.स.पूर्व २७९ मध्ये जिमो शहराला वेढा पडला असता तिआन दान या सेनापतीने बैलांच्या शेपटांना चरबीत भिजवलेले बोरू बांधून पेटवले आणि ते उधळलेले बैल शत्रूच्या छावणीवर सोडले. इतिहासकारांनी ही हकीकत नोंदवली, पुढे कादंबरीकारांनी ती रंगवली.

चिनी ऐतिहासिक कादंबऱ्या अशा युक्त्यांनी नुसत्या भरलेल्या आहेत. चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानझोंगच्या नावावर असलेली तीन राज्यांची कथा त्यांत सर्वांत गाजलेली. तिच्यातला झूग लिआंग धुक्यात गवताच्या पेंढ्यांनी भरलेल्या होड्या नेतो, शत्रू त्यांवर बाण सोडतो आणि हा पठ्ठ्या ते फुकटचे बाण घेऊन परततो. वाचताना हसू येते. पण मला त्या कथेतला दुसरा एक म्हातारा अधिक आठवतो.

त्याचे नाव ह्वांग गाय. इ.स. २०८ मध्ये रेड क्लिफ्सच्या लढाईत बलाढ्य त्साओ त्साओच्या आरमाराला आग लावायची होती. त्यासाठी ह्वांग गायने फितुरीचे सोंग केले. इतिहासात एवढेच आहे. कादंबरीकाराने मात्र त्यात भर घातली: शत्रूचा विश्वास बसावा म्हणून हा वृद्ध सरदार आपल्याच सेनापतीकडून भर दरबारात रक्तबंबाळ होईपर्यंत फटके खातो. फसवणूक फुकट होत नाही, कोणाच्या तरी पाठीवर तिचे वळ उठतात, हे त्या लेखकाला पक्के ठाऊक असावे.

याहून कठोर कथा जी शिनची. इ.स.पूर्व २०४ मध्ये शिंगयांगच्या वेढ्यात राजा लिउ बांग अडकला. तेव्हा जी शिन राजाच्या रथात बसून, राजा म्हणून, पूर्वेच्या दरवाजाने शरण जायला निघाला. शत्रू विजयाचा जल्लोष करीत तिकडे धावला आणि खरा राजा पश्चिमेच्या दरवाजाने निसटला. सोंग उघडकीस आल्यावर शिआंग यूने जी शिनला जिवंत जाळले. लिउ बांग पुढे हान घराण्याचा पहिला सम्राट झाला.

हे वाचताना मराठी माणसाला पन्हाळा आठवल्यावाचून राहील काय? जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निघाले. परंपरा सांगते की, दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घेऊन शिवा काशीद बसला होता. तो पकडला गेला आणि मारला गेला. बाजीप्रभूंनी झुंजवलेली खिंड पावन झाली, पोवाड्यांतून ती घरोघर पोचली. पालखीत बसलेल्या त्या नाभिक तरुणाचे नाव मात्र कितीतरी मागे राहिले.

आग्ऱ्याचेही तसेच. १६६६ च्या ऑगस्टमधली ती सुटका आपण पेटाऱ्यांसह तोंडपाठ सांगतो. महाराज निसटल्यानंतर त्यांचे वकील रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर मोगलांच्या हाती लागले, त्यांचे हाल झाले, हे किती घरांत सांगितले जाते?

आम्हा नागपूरकरांना तर दूर जायलाच नको. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांची फौज हरली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी आप्पासाहेबांना कैद करून प्रयागकडे रवाना केले. मे १८१८ मध्ये जबलपूरच्या वाटेवर पहाऱ्यावरचे काही शिपाई वश झाले आणि आप्पासाहेब शिपायाच्या वेषात पसार झाले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आसरा दिला, ते त्यांच्यासाठी लढलेही. इंग्रजी फौजांनी तो मुलूख पिंजून काढला. आप्पासाहेब अखेर जोधपूरच्या आश्रयाला गेले, तिथेच १८४० मध्ये वारले. शिपायाचा तो वेष आपल्याला आठवतो. आसरा देणाऱ्यांची वस्ती कोणाला आठवते?

कावा हे दुबळ्याचे शस्त्र आहे, त्यात कमीपणा नाही. मोठ्या फौजेपुढे छाती काढून मरण्यापेक्षा निसटून पुन्हा उभे राहणे शहाणपणाचेच. पण प्रत्येक निसटणाऱ्यामागे कोणीतरी थांबलेला असतो. चिनी लोकांनी जी शिनची देवळे बांधली, तिआनशुई शहरात आजही त्याचे मंदिर आहे. आपल्याकडे पन्हाळ्याच्या पायथ्याशी शिवा काशीदची समाधी आहे. मुलांना गड दाखवायला नेतो तेव्हा तट, बुरूज, अंबरखाना पाहून झाल्यावर दहा मिनिटे तिथेही थांबावे. गोष्टीतला राजा कसा सुटला हे मुलांना ठाऊक असतेच. पालखीत कोण बसला होता, ते आपण सांगायचे.